दुसरी तार कशासाठी?

समजा वैशाखरे गावातील एखाद्या शाळेत संगणकांची खोली आहे. सर्व संगणकांच्या तारा एकावर एक रचलेल्या तीन पेट्यांत जातात. या पेट्या म्हणजे 'स्विच'. टपाल कचेरीत पत्रे निवडून ज्याची त्याला धाडतात, तसे स्विच संदेश धाडतो. तिन्ही स्विच मिळून एकच मोठा स्विच व्हावा म्हणून ते खास तारांनी जोडतात : पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. मग तिसऱ्यापासून पुन्हा पहिल्यापर्यंत आणखी एक तार कशाला?

करून पाहा. सहा मित्र हात धरून वर्तुळात उभे राहा. हात दाबून संदेश पुढे पाठवा. एका जागी हात सोडला, तरी संदेश उलट्या बाजूने पोचतो. दोन जागी सोडलेत, की दोन तुकडे! तारांचेही असेच होते.

परंतु माझ्या मते जादा तार लावून काम संपत नाही. वर्तुळातील एक तार तुटली तरी संगणक चालूच राहतात. त्यामुळे ती तुटल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. वर्तुळाची रेषा झालेली असते आणि आपण मात्र निर्धास्त असतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी काय झाले पाहा. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील पडघा ते कळवा या उच्चदाब वाहिन्या बंद होत्या. त्यांचा भार उरलेल्या वाहिन्यांवर पडला आणि अखेर त्याही बंद पडल्या. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याच्या मोठ्या भागातील वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. पर्यायी मार्ग होते. पण एक गेल्यावर दुसऱ्यावर किती भार येईल, हेही पाहावे लागते.

जादा तार ही शहरातली चैन आहे, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. दुरुस्तीला माणूस कल्याणहून यायचा, म्हणजे वैशाखऱ्याच्या मुलांचा दिवस वाया. गरज तिथेच अधिक!

म्हणून शिक्षकांना विनंती : बाहेरून येणाऱ्या दोन तारा निरनिराळ्या स्विचांना जोडा आणि निरनिराळ्या वाटांनी आणा, एकाच नळीतल्या दोन्ही तारा कुदळीच्या एका घावाने तुटतात. महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, एक तार मुद्दाम काढा आणि संगणक चालतात का ते विद्यार्थ्यांना पाहू द्या. न तपासलेली दुसरी तार ही तार नव्हे, नुसती समजूत आहे.