आईच्या बोलण्यावर हसू नका, ते डोक्यावरही घेऊ नका, तपासा!

'मांजर आडवं गेलं, थांब.' 'रात्री नखं काढू नकोस.' आपल्या सगळ्यांच्या आया असं बोलतात. त्यावर आपली तरुण मंडळी दोनच गोष्टी करतात. एक तर 'आई अडाणी' म्हणून हसतात, नाहीतर मातृदिनाला 'आई कधीच चुकत नाही' असं स्टेटस ठेवतात. आमच्या मते दोन्ही आळसच आहेत. आईचं बोलणं दोघांनीही तपासलेलं नसतं.

तथागतांनी कालामांना काय सांगितलं? परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काहीही मानू नका, अनुभवानं पारखा. त्यातून आईचीही सुटका नाही.

मग पारखू या. मांजर आडवं गेलं तरी आम्ही चालत राहिलो, काही बिघडलं नाही. चिमणीच्या उजेडात नखं काढताना बोट कापत असेल. आज घरात ट्यूब आहे. पण 'पाळीत लोणच्याला शिवू नकोस' यावर हसून चालणार नाही. स्पर्शानं विटाळ होतो हे ज्या व्यवस्थेनं आपल्याला चवदार तळ्यावर सांगितलं, तिचंच हे वाक्य आपल्या आईच्या तोंडी आहे. २० मार्च १९२७ ला ते पाणी ओंजळीत घेणाऱ्या समाजाच्या घरात लोणच्याची बरणी अजून विटाळते?

आता दुसरी बाजू. 'कागद फेकू नकोस, कागद बोलतो.' आमच्यातल्या एकाच्या आईनं आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. पेटी रद्दीवाल्याला द्यायची का, म्हणून आम्ही तिला चिडवायचो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, हे कळलं तेव्हा आमचं हसू थांबलं. पोराची जात पडताळणी त्याच दाखल्यावर झाली. सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या बाईला सरकारी दप्तर आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

तिसरं वाक्य अवघड आहे. 'खोली बघायला गेलास की आडनाव सांगू नकोस, गाव सांग.' घरमालक गावानंतर आडनाव विचारतोच, आणि मग खोली 'कालच गेलेली' असते. आईचा अंदाज खरा ठरतो. पण अंदाज खरा ठरला म्हणून सल्ला बरोबर ठरत नाही. उद्या परीक्षा असलेल्या पोरानं नाइलाजानं गाव सांगितलं तर आम्ही त्याला दोष देणार नाही. दोष घरमालकाचा आहे. मात्र लपणं हे चळवळीचं धोरण होऊ शकत नाही. आईचा अनुभव घ्यावा, तिची भीती वारशानं घेऊ नये.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या आज्या-पणज्यांना लुगडं नेसण्याची जुनी पद्धत सोडायला सांगितलं, मुलींना शिकवायला सांगितलं. त्यांनी त्या बायकांची चेष्टा केली नाही आणि आरतीही ओवाळली नाही. त्यांच्याशी ते विचार करणाऱ्या माणसांसारखे बोलले.

म्हणून तरुणांनो, घरी गेलात की आईला विचारा, 'हे तुला कुणी सांगितलं?' पेटीतले कागद स्कॅन करून ठेवा. आणि बहिणीची पाळी असेल तेव्हा लोणचं तिच्याच हातून वाढून घ्या, आईच्या समोर.

नमो बुद्धाय, जय भीम!