दोष तिखटाचा नव्हे, मिठाचा

गेल्या पावसाळ्यात 36 वर्षांचा एक तरुण दवाखान्यात आला. शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये नोकरी, गाव चंदगडकडचं, राहायला तिघांत मिळून एक खोली. आठवड्याभरात तीनदा तपासूनही रक्तदाब 150/96 च्या खाली येईना. मी गोळी लिहून दिली आणि सवयीनं पुढचं वाक्य म्हणालो, "बाहेरचं खाणं बंद करा."

तो जरा थांबला. म्हणाला, "डॉक्टर, खोलीवर गॅस न्हाई. दोन्ही वेळचं जेवण खानावळीतच हाय. मग खाऊ कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही डॉक्टर 'बाहेरचं' म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यासमोर पिझ्झा, वडापाव, चायनीजची गाडी असते. पण कोल्हापुरात कामासाठी, शिक्षणासाठी आलेल्या हजारोंना खानावळ हेच घर असतं. कागल आणि गोकुळ शिरगावचे कामगार, राजारामपुरीत खोली घेऊन राहणारी मुलं, सीपीआरमध्ये पेशंटजवळ थांबलेले नातेवाईक या सगळ्यांना 'बाहेरचं बंद' हा सल्ला म्हणजे 'जेवण बंद' असाच ऐकू येतो. जो सल्ला पाळताच येत नाही तो देऊन डॉक्टर मोकळा होतो, पेशंट मात्र होत नाही.

मुळात खानावळीचं ताट वाईट नाही. ज्वारीची भाकरी, एक सुकी भाजी, आमटी किंवा उसळ, थोडा भात, कांदा-लिंबू. बुधवार, शुक्रवार, रविवार असेल तर मटण किंवा अंडी. सगळं त्याच दिवशी शिजवलेलं. ज्वारीत 100 ग्रॅममागं सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमही नसतात. उसळीतून प्रथिनं मिळतात. पाकिटातल्या नूडल्स किंवा बेकरीच्या खारीपेक्षा हे जेवण कितीतरी बरं. माझं म्हणणं असं की खानावळ सोडू नये, खानावळीत काय सोडायचं ते शिकावं.

कोल्हापुरी जेवणाचं नाव काढलं की पहिला आरोपी ठरतो तो तिखटपणा. "एवढं तिखट खाल्ल्यावर बीपी वाढणारच," असं लोक सहज म्हणतात. यात मिरचीवर अन्याय होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं. म्हणून तोंड खरोखर न भाजताही भाजल्यासारखं वाटतं. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. ज्यांना आम्लपित्त, मूळव्याध यांचा त्रास आहे त्यांनी तिखट जपून खावं हे खरं. पण वर्षानुवर्षं रक्तदाब चढा ठेवण्याचं काम मिरचीचं नाही. ते मुख्यतः मिठाचं.

तांबड्या रश्श्याचा रंगही असाच फसवा. संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरचीतला लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. कॅप्सेसिनचंही तसंच. म्हणून दोन्ही वर तरंगणाऱ्या तर्रीत गोळा होतात. तिखट लागल्यावर पाणी प्यायल्यानं आग विझत नाही, ताकानं किंवा दह्यानं विझते, त्याचं कारणही हेच. रंगावरून तिखट किती ते नक्की सांगता येत नाही आणि मीठ किती ते तर अजिबातच नाही. मीठ तर्रीच्या खाली, पातळ रश्श्यात असतं. पांढऱ्या रश्श्यातही तेवढंच असतं. नारळाच्या दुधाचा गोडवा आणि खसखस-तिळाचा मऊपणा यांच्याआड ते लपतं, म्हणून लोक तो 'सौम्य' समजून वाट्यामागून वाट्या पितात.

हिशेब साधा आहे. पातळ पदार्थाला चव यायला साधारण पाऊण ते एक टक्का मीठ लागतं. वाटी 150 मिलीची धरली आणि मीठ एक टक्का धरलं, तर एका वाटीत दीड ग्रॅम मीठ. तांबड्याच्या दोन आणि पांढऱ्याच्या दोन वाट्या झाल्या की 6 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे भाजी, लोणचं, खर्डा, पापड मोजायच्या आधीच दिवसाचा कोटा संपला. पापडात तर मिठाबरोबर पापडखार असतो, त्यातही सोडियमच. शरीरात सोडियम जास्त झालं की ते पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांतलं रक्ताचं आकारमान वाढतं आणि भिंतींवरचा दाब चढतो. हे रोज, वर्षानुवर्षं चाललं की हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात.

देशाच्या सर्वेक्षणात सरासरी भारतीयाचं मीठ दिवसाला 8 ग्रॅम निघालं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 24 टक्के पुरुष आणि 21 टक्के स्त्रिया यांना उच्च रक्तदाब आढळला. त्यामुळे हा प्रश्न एकट्या खानावळीचा नाही, घरच्या डब्याचाही आहे.

तेलाचंही थोडं सांगतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार 2000 कॅलरीच्या आहारात वरून वापरलेलं तेल-तूप साधारण 27 ग्रॅम असावं, म्हणजे दिवसाला दोन मोठे चमचे. घसघशीत तर्रीची एक वाटी त्यातला मोठा हिस्सा खाऊन टाकते. "पैलवान एवढं खायचे की," असं कुणी म्हणेल. खायचे. पण ते पहाटे तालमीत हजारभर जोर-बैठका काढून. खुराक पैलवानाचा आणि बैठक खुर्चीतली, हे गणित जमत नाही.

मग करायचं काय? सरकारी नियमाकडे बघून उपयोग नाही. कॅलरीचा फलक लावायची सक्ती दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना आहे, गल्लीतल्या मावशींच्या खानावळीला नाही. ती असावी असंही मला वाटत नाही. खानावळवाल्यांना माझी विनंती तीनच गोष्टींची. रश्श्यात मीठ थोडं कमी घाला आणि मिठाची वाटी टेबलावर ठेवा, ज्याला हवं तो घेईल. तर्री वेगळी ठेवा, मागेल त्याला द्या. आणि 'रस्सा कितीही' ऐवजी 'कोशिंबीर कितीही' असं एकदा करून बघा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती रास्त आहे, म्हणून मीठ एकदम कमी करू नका, हळूहळू करा. ब्रिटनमध्ये 2003 नंतर पाव आणि तयार पदार्थांतलं मीठ असंच टप्प्याटप्प्यानं उतरवलं गेलं. 2011 पर्यंत लोकांच्या पोटात जाणारं मीठ सुमारे 15 टक्क्यांनी घटलं आणि फारशी कुरकूर झाली नाही. जीभ काही आठवड्यांत नव्या चवीला सरावते.

आपल्याकडे तर ही चव जुनीच आहे. मटण शिजल्यावर मसाला पडण्याआधी काढून ठेवलेलं अळणी पाणी लहान मुलांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला देण्याची पद्धत घरोघरी आहे. पांढरा रस्सा त्यावरच बनतो. कमी मीठ-मसाल्याचं जेवण कोल्हापुरी नाही, असं म्हणायला जागा नाही.

जेवणाऱ्यानंही बोलायला शिकावं. "मावशी, रस्सा एकच वाटी. पापड नको, त्याऐवजी उसळ वाढा," एवढं म्हणायला लाज वाटू नये. ज्यांचं काम भट्टीसमोर घाम गाळण्याचं आहे त्यांनी मिठाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणि रक्तदाबाची गोळी कुणीही आपल्या मनानं बंद करू नये.

त्या तरुणाला मी दुसऱ्या भेटीत हेच सांगितलं. त्यानं खानावळीतल्या मावशींना सांगितलं. त्या आधी रागावल्या, "माझ्या हाताला काय झालंय?" म्हणाल्या. मग त्याच्यासाठी तर्री बाजूला काढू लागल्या. आता त्याच टेबलावरचे आणखी दोघे तसंच मागतात. त्याची गोळी चालू आहे, पण वाढवावी लागलेली नाही. जेवायला तो अजून तिथंच जातो.