मुदत संपल्यावर

डिसेंबर सरत आला की जुनी दिनदर्शिका उतरवून त्याच खिळ्याला नवी अडकवताना आपण नकळत हिशेबाला बसतो. काय हाती लागलं, काय तसंच राहून गेलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा हिशेबही 4 जुलैच्या आतषबाजीत मांडण्याऐवजी याच गारठलेल्या महिन्यात मांडावा, असं वाटतं.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला तो 1776 च्या जुलैत, आणि तेव्हा शब्दांना धार होती. डिसेंबर उजाडेपर्यंत न्यूयॉर्क हातचं गेलं होतं, अमेरिकन फौज न्यू जर्सीतून मागे हटत डेलावेअर नदीपलीकडे आली होती आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांच्या भरतीची मुदत वर्षअखेरीस संपत होती. नाताळच्या रात्री, बर्फाचे तुकडे वाहून आणणाऱ्या त्या नदीतून जॉन ग्लोव्हर यांच्या मार्बलहेडच्या दर्यावर्दी कोळ्यांनी सुमारे 2,400 माणसं आणि 18 तोफा पैलतीराला नेल्या. सकाळी ट्रेंटनला ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे सुमारे 900 हेसियन (जर्मन) शिपाई कैद झाले. नावेत ताठ उभ्या सेनापतीचं चित्र आपण सर्वांनी पाहिलेलं असतं. खरी कसोटी त्यानंतरच्या चार-पाच दिवसांतली.

त्या सेनापतीने, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी, शिपायांना रांगेत उभं करून आणखी सहा आठवडे थांबायची विनंती केली, दहा डॉलर वर देऊ केले. नगारा वाजला. कुणी पुढे आलं नाही. ते पुन्हा बोलले, या खेपेला हुकमाचा सूर टाकून, गळ घालून. तेव्हा कुठे एकेक माणूस पुढे सरकू लागला. सगळे थांबले नाहीत. नदी उतरवून देणारे कोळीच बहुतेक घरी परतले, आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. घरची चूल कुणाला चुकली आहे? राहिलेल्यांच्या बळावर 3 जानेवारीला प्रिन्स्टन सर झालं. पुढचा साराटोगाचा विजय, फ्रान्सची साथ, यॉर्कटाउनचा विजय हे सारं त्यानंतरचं. (यॉर्कटाउनला हरलेला ब्रिटिश सेनानी कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, हे जाता जाता.)

दुसरा डिसेंबर 1783 चा, युद्ध संपल्यावरचा. पगार थकल्याने चिडलेली फौज याच सेनापतीचं ऐकत होती; सत्ता बळकावायचं मनात आणलं असतं तर त्यांना अडवणारं कोण होतं? पण 23 तारखेला अ‍ॅनापोलिसला ते काँग्रेसपुढे, म्हणजे देशाच्या प्रतिनिधींच्या सभेपुढे, उभे राहिले. सभासद टोप्या घालून बसलेले. सेनापतींनी वाकून अभिवादन केलं, सभासदांनी नुसत्या टोप्या उचलल्या. कागद वाचताना त्यांचा हात थरथरत होता. अधिकारपत्र परत करून दुसऱ्या दिवशी ते माउंट व्हर्ननचं आपलं घर गाठायला मोकळे. घरी जायची मुभा असून थांबलेले ते शिपाई आणि थांबायची ताकद असून घरी गेलेला हा सेनानी, यांच्याइतकं ऋण त्या प्रजासत्ताकावर क्वचितच कुणाचं असेल.

हिशेब मात्र इथे मिटत नाही. युद्धभर सेनापतींच्या मागे घोड्यावर असणारा विल्यम ली हा त्यांचा गुलाम होता. त्याच्या चाकरीला मुदतच नव्हती. ती संपली ती वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्राने, 14 डिसेंबर 1799 ला ते वारल्यावर. जाहीरनाम्याला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.