काळे पिल्लू राखाडी का झाले?

आपल्या या पानावर मुलांचा अभ्यास, बाळंतिणीचा आहार, रेशनकार्डातली नावे असे प्रश्न नेहमी येतात. या खेपेस पनवेलच्या खांदा कॉलनीतील एका भगिनीने कुत्र्याबद्दल विचारले आहे. वाचून काहींना हसू येईल, पण त्या घरात सध्या हसण्यासारखे काही नाही. मुलाच्या हट्टापायी दीड वर्षापूर्वी ल्हासा जातीचे काळेभोर पिल्लू आणले, ते आता अंगभर राखाडी झाले आहे. शेजारीण म्हणते, रोग आहे, लेकराबाळांच्या घरात ठेवू नका. सासूबाई म्हणतात, विकणाऱ्याने फसवले. आणि यजमान म्हणतात, रविवारी लांब नेऊन सोडून येतो. मुलगा दोन दिवस धड जेवलेला नाही.

ताई, पिल्लू सोडू नका. विकणाऱ्याने फसवलेले दिसत नाही, आणि तुम्ही लिहिता त्यावरून रोगही दिसत नाही. पिल्लू खाते, खेळते, अंगाला खाज नाही, केस दाट आहेत. मग रंग बदलला तो वयाने.

केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या दोनच प्रकारचा रंग बनवतात, एक काळा-तपकिरी आणि दुसरा पिवळा-तांबूस. दोन्हींच्या कमी-जास्त मिश्रणातून कुत्र्यांचे सारे रंग होतात, आणि जिथे रंगच भरला जात नाही तिथे केस पांढरा येतो. ल्हासा, शित्झू, पूडल, यॉर्कशायर टेरियर अशा लांब केसांच्या लहान जातींत काही पिल्ले जन्मतः काळी असतात आणि पुढे नव्या येणाऱ्या केसांत रंग कमी कमी भरला जातो. दोन-तीन वर्षांत काळ्याचे राखाडी, चंदेरी होते. हा गुण आईबापाकडून येतो. त्यावर औषध नाही आणि औषधाची गरजही नाही.

जातिवंत कुत्र्यांचेच असे होते असेही नाही. आपल्या गल्लीतल्या कुत्रीची पिल्ले पाहा. जन्मल्यावर पाठीवर काजळी धरल्यासारखी दिसणारी पिल्ले काही महिन्यांत स्वच्छ बदामी होतात. पिल्लाचे पहिले मऊ केस गळतात आणि मोठेपणाचे केस येतात, त्यातला हा फरक. पांढऱ्या पामेरियनच्या बाबतीत मात्र फारसे काही घडत नाही. (आपण ज्याला पामेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पण नाव रूढ झाले ते झाले.) त्याच्या तोंडाभोवती नि पायांवर तांबूस डाग पडतात ते लाळेचे आणि आसवांचे. तो एखादा पाय सारखा चाटत असेल तर डाग पुसत बसण्यापेक्षा तो का चाटतो ते पाहावे.

दुसरा बदल म्हातारपणाचा. २००३ साली टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग सर्वांना आठवत असेल. त्यानंतर घरोघरी पग आले. काळ्या तोंडाच्या त्या कुत्र्यांची तोंडे पाच-सात वर्षांत हनुवटीपासून पांढरी होऊ लागली, तेव्हाही लोक घाबरले होते. माणसाच्या कानशिलावर आधी पांढरे दिसते, तसे कुत्र्याच्या तोंडावर दिसते. लहान जातीचा कुत्रा नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षे जगतो, म्हणजे पांढऱ्या तोंडाने तो तुमच्या घरात निम्मे आयुष्य काढू शकतो.

पण तोंड फार लवकर पांढरे झाले तर? अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते चार वर्षांचे ४०० कुत्रे तपासले होते. प्राण्यांच्या वागणुकीच्या नामवंत अभ्यासक टेंपल ग्रँडिन त्यात होत्या. जे कुत्रे भित्रे, चिंताग्रस्त, मोठ्या आवाजाला आणि परक्या माणसांना घाबरणारे होते, त्यांची तोंडे कोवळ्या वयातच अधिक पांढरी आढळली. भीतीमुळेच केस पांढरे झाले असे यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या एवढेच. तरी दिवाळीत फटाक्यांच्या लडीशेजारी कुत्रा बांधून ठेवणाऱ्यांनी हे वाचावे.

आता खाण्याचे. काळा कुत्रा राखाडी न होता तांबूस, गंजल्यासारखा होऊ लागला तर ताटाकडे पाहा. काळा रंग बनायला प्रथिनांतले काही घटक लागतात. नुसती दूध-पोळी किंवा पांढरा भात खाणाऱ्या कुत्र्याला ते पुरत नाहीत. उकडलेले अंडे, कोंबडीचे बिनहाडांचे तुकडे, घट्ट वरण द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये, कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. शिजवलेली हाडेही नकोत. फरक लगेच दिसत नाही, नवे केस यायला महिने लागतात. सतत उन्हात बसणाऱ्या कुत्र्याचा काळा रंगही असाच तांबूस पडतो, हेही लक्षात असू द्या.

डॉक्टरकडे कधी जायचे? केस पुंजक्याने गळत असतील, कातडी लाल किंवा जाड झाली असेल, कुत्रा रात्रभर खाजवत असेल, तर ती खरूज असू शकते आणि तिचा एक प्रकार माणसालाही खाज आणतो. शेजारणीची भीती तेवढ्यापुरती खरी. नाकावर किंवा ओठांवर पांढरे चट्टे आले तर ते कोडही असू शकते. ते कुत्र्यालाही होते आणि माणसाच्या कोडासारखेच संसर्गाने पसरत नाही.

रंगाने खरा धोका दाखवला अशी घटना आपल्याच तालुक्यातली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत चक्क निळी कुत्री फिरताना दिसली. कारखान्याचा रंग त्यांच्या अंगाला लागला होता. कासाडी नदीच्या प्रदूषणाबद्दल लोक आधीपासून ओरडत होते, पण निळ्या कुत्र्यांचे फोटो छापून आले तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. तिथे पाळीला जाणाऱ्या माणसांच्या हातालाही रंग लागतोच, त्याचा फोटो कोणी काढत नाही. असो. अंगावर बाहेरून बसलेला असा रंग धुतला पाहिजे, कारण कुत्रा तो चाटून पोटात घेतो. याच कारणाने राखाडी झालेल्या पिल्लाला माणसाचा कलप लावून काळे करण्याचा विचार कोणी करू नये. कातडी भाजते आणि पोटात विष जाते.

यजमानांना एक सांगा. पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले मरेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कायद्याने मन वळत नसेल तर राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो दाखवा. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत त्यात टॉबी कुत्राही आहे. घरच्यांचा फोटो काढायचा तर तोही हवाच, असे त्या घराला वाटले.

तेव्हा पिल्लाला एकदा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्या. सकाळी लवकर जा आणि रेबीजच्या लसीचे कार्ड सोबत न्या. दीड वर्ष झाले म्हणता, तर पहिल्या लसीनंतरची वर्षाची लस राहिली आहे का तेही तिथेच विचारा. मोठे काही निघाले तर परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे. मुलाला बरोबर न्या, म्हणजे पिल्लाला रोग नाही हे त्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकता येईल.