शिरगणती

रोमच्या सिनेटपुढे एकदा एक सूचना आली होती. गुलामांना वेगळा पोशाख ठरवून द्यावा, म्हणजे गुलाम कोण आणि स्वतंत्र कोण हे रस्त्यात पाहताक्षणी कळेल. सूचना सोयीची होती. कामाच्या दिवशी गरीब नागरिकाच्या अंगात जो साधा सदरा असे, तसाच गुलामाच्याही अंगात असे. तरीही सिनेटने ती फेटाळली. कारण तत्त्वज्ञ सेनेकाने लिहून ठेवले आहे. उद्या हे गुलाम आपल्याला मोजू लागले तर?

ही नोंद सेनेकाने केली तीही तरुण सम्राट नीरोला दयेचे धडे देणाऱ्या ग्रंथात. गुलाम किती आहेत याची सिनेटला धास्ती नव्हती. मालक किती थोडे आहेत हे गुलामांना कळेल, याची होती.

एरवी रोमला मोजणीची भारी हौस. सम्राट ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीचा जो ताळेबंद कोरून घेतला, त्यात इ.स.पू. २८ च्या शिरगणतीचा आकडा दिमाखाने दिला आहे. रोमन नागरिक ४० लाख ६३ हजार. गुलामांची डोकी त्यात नाहीत. शिरगणतीच्या वेळी गुलाम जाहीर करायचे ते मालमत्ता म्हणून, शेत आणि द्राक्षमळ्यांच्या जोडीला.

इ.स. ६१ मध्ये मात्र सिनेटला गुलाम मोजावे लागले. पेदानियस सेकुंदस हा रोमचा नगरप्रमुख. शहराचा बंदोबस्त त्याच्याकडे. त्याचा खून त्याच्याच एका गुलामाने केला. इतिहासकार टॅसिटस दोन कारणे देतो: एक तर स्वातंत्र्याची किंमत ठरवून मालकाने शब्द फिरवला, किंवा एका तरुणाच्या प्रेमावरून दोघांत चुरस होती. पहिले कारण खरे धरले, तर शब्द फिरवणाऱ्या मालकाने कायदा मोडलेला नव्हता. गुलामाशी केलेला सौदा मालकावर बंधनकारक नसे. जुना रिवाज पक्का होता. मालकाला त्याच्या गुलामाने मारले, तर त्या छताखालच्या सगळ्या गुलामांना देहदंड. पेदानियसच्या छताखाली ४०० जण होते.

सिनेटमध्ये रिवाजाच्या बाजूने उभा राहिला गायस कॅसियस लाँगिनस. हा कोणी माथेफिरू नव्हे, कायद्याचा गाढा पंडित. रोमन कायदेपंडितांचा एक अख्खा संप्रदाय पुढे त्याच्या नावाने ओळखला गेला. टॅसिटसने त्याच्या तोंडी घातलेले भाषण थंड डोक्याचे आहे. मारेकरी पहाऱ्यातून गेला, शयनगृहाचे दार उघडले, दिवा आत नेला, आणि कोणालाच काही कळले नाही? ४०० गुलाम पेदानियसला वाचवू शकले नाहीत, तर मग किती गुलाम असले म्हणजे मालक सुरक्षित?

इथे थांबून पाहावे. ४०० हा आकडा कोणीही दयेच्या बाजूने मांडला असता. कॅसियसने तो फिर्यादीच्या बाजूला लावला. त्याच्या हिशेबात ते ४०० निरपराध किंवा अपराधी नव्हतेच. ते ४०० नापास पहारेकरी होते. बायका, मुले, स्वयंपाकी, हिशेबनीस, सगळेच. पगार नसलेली ही पहाऱ्याची नोकरी त्यांना कोणी दिली, हा प्रश्न त्याला पडला नाही. निरपराध मरतील हे त्याला मान्य होते. पळ काढलेल्या पलटणीत दर दहावा शिपाई चिठ्ठी टाकून ठार केला जातो, त्यात शूरही सापडतातच की, हे त्याचे उत्तर. सुक्याबरोबर ओले जळते असे आपण हळहळून म्हणतो. कॅसियसने तेच धोरण म्हणून मांडले. इतरांना जरब बसते, म्हणजे हिशेब जुळला.

त्याला उत्तर द्यायला एकही सिनेटर नावानिशी उभा राहिला नाही. फक्त आवाज उठले. इतकी माणसे, त्यांचे वय, त्यांतल्या बायका, बहुतेकांचा काडीचाही दोष नसणे. आवाजांचे मत धरले जात नाही. शिक्षा कायम झाली.

या रिवाजातली पहारेकऱ्याची कल्पना किती खोल रुजली होती, हे पुढे हेड्रियनच्या काळात दिसते. हा सम्राट त्यातल्या त्यात मवाळ. खुनाच्या तपासात घरातल्या सगळ्याच गुलामांचा छळ नको, ज्यांना काही कळण्याजोगे जवळ होते त्यांचाच करा, असे त्याने ठरवून दिले. पण मालकिणीच्या खोलीत असलेल्या एका दासीला मारेकऱ्याने ओरडलीस तर मारीन म्हणून धमकावले, आणि ती गप्प राहिली. हेड्रियनने तिला देहदंडच योग्य ठरवला. तिने ओरडायला हवे होते.

कॅसियसची गोष्ट चार वर्षांनी थोडी पुढे सरकते. इ.स. ६५ मध्ये नीरोने त्याच्यावर ठपका ठेवला. पूर्वजांच्या प्रतिमांमध्ये त्याने सीझरच्या मारेकऱ्याची, त्या जुन्या कॅसियसची प्रतिमा जपली होती. शतकाहून जुन्या खुनासाठी हा पंडित म्हातारपणी सार्डिनियात हद्दपार झाला. अपराध एकाचा आणि शिक्षा त्याच छताखालच्या दुसऱ्याला, या न्यायाची त्याला नव्याने ओळख करून द्यायची गरज नव्हती.

पेदानियसच्या गुलामांच्या बाबतीत अडथळा आला तो सिनेटबाहेरून. रोमची सामान्य माणसे दगड आणि पेटत्या मशाली घेऊन जमली. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप किंवा आजोबा एकेकाळी गुलाम असणार. नीरोने जाहीरनामा काढून जमावाला दरडावले. सिनेटमध्ये सिंगोनियस वारो आणखी एक पाऊल पुढे गेला. त्याच छताखाली राहणारे पेदानियसचे मुक्त झालेले गुलामही इटलीबाहेर घालवावेत, अशी त्याची सूचना. ती नीरोने मोडून काढली. जुना रिवाज दयेने सैल झाला नसेल, पण क्रौर्याने आणखी आवळू नये, असे त्याचे म्हणणे. सेनेकाचे धडे वाया गेले नाहीत म्हणायचे.

ठरल्या दिवशी ४०० जणांना वधासाठी नेले. त्या वाटेवर दोन्ही बाजूंनी सैनिक उभे केले होते. रांगेच्या आत चालणारे आणि रांगेबाहेर दगड घेऊन उभे असलेले, दोघांच्या अंगात तोच साधा सदरा होता.