मातीत लिहिणारं पोर

माझा भाचा सात वर्षांचा. बाप गटारात उतरला तो मढं होऊनच वर आला. कंत्राटदार पळाला. पुढारी आले, फोटो काढून गेले. पोरगं तेव्हापासून मुकं झालं. रात्री अंथरुणात मुतायचं. शाळेत गुरुजी म्हणाले, मंद आहे. वस्ती म्हणाली, बाहेरची बाधा आहे.

खेळायचं मात्र. दारापुढं मातीत खड्डा करायचं. चिंधीचा माणूस आत सोडायचं, वर माती लोटायचं, आणि मग दोन्ही हातांनी उकरत बसायचं. रोज. आमच्या म्हातारीनं बघितलं नि पाठीत धपाटा घातला, ‘मेल्या, बापाचं मरण खेळतोस?’ मीही डाफरलो. सांगायची लाज वाटते. मोर्च्यात वीस वर्षं घसा फोडला, पण घरातलं लेकरू काय ओरडतंय ते मला ऐकू आलं नाही.

ऐकलं एका बाईनं. खेळातून मुलांवर उपचार करणारी. प्ले थेरपी म्हणतात त्याला. ‘काय झालं ते सांग’ असं तिनं विचारलंच नाही. जमिनीवर बसली. वाळू, ठोकळे, बाहुल्या पुढं ठेवल्या. पोरानं खड्डा केला, तिनं करू दिला. ‘माणूस खाली राहिलाय. तुला त्याला काढायचंय.’ एवढंच बोलली. कित्येक आठवडे हेच. मग एकदा त्यानं चिंधीच्या माणसाच्या कमरेला दोरी बांधली आणि मगच खाली सोडला. त्या रात्री आईच्या कुशीत मोठ्यानं रडला. बाप गेला तेव्हा रडला नव्हता.

ह्यात जादूटोणा नाही. मोठ्या माणसाजवळ शब्द असतात, शिव्या असतात, दारू असते. लेकराजवळ खेळ असतो. जे त्याच्या अंगावर कोसळलं ते खेळात त्याच्या मुठीत येतं. मार्गारेट लोवेनफेल्ड हिनं १९२८ साली लंडनमध्ये मुलांसाठी दवाखाना काढला. तिथं पोरं वाळूच्या ट्रेमध्ये आपलं जग मांडू लागली. अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइननं १९४७ साली पुस्तक लिहून सांगितलं की मूल आहे तसं स्वीकारा, घाई करू नका, वाट त्यालाच दाखवू द्या.

आणि आपल्याही माणसांना सांगतो. बाबासाहेबांनी शिका म्हटलं म्हणून खेळणाऱ्या पोराला झोडपू नका. बाबासाहेबांना शाळेत वेगळं, गोणपाटावर बसावं लागलं. ती जखम त्यांनी मोठेपणी लिहून ठेवली. सात वर्षांच्या पोराला लिहिता येत नाही. तो मातीत लिहितो. तुम्ही ती माती पायानं विस्कटता.

आता प्रस्थापितांनो, तुमचा हिशेब. ही विद्या कुणाच्या पोरांसाठी? तासाची फी मोजणाऱ्यांच्या! बालहक्कांच्या १९८९ च्या करारात खेळ हा मुलाचा हक्क आहे. भारतानं तो १९९२ साली मान्य केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान आणि वर्गाला खेळाचं साहित्य लिहिलंय. आमच्या वस्तीतल्या शाळेच्या मैदानात गाड्या उभ्या असतात. खेळाचं कपाट कुलपात, आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच ठाऊक नाही.

२०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी केली. तरी उतरवता. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई ३० लाख केली. त्यात रात्री दचकून उठणाऱ्या पोराचा रकाना कुठाय? आमची मागणी साधी आहे : प्रत्येक म्युनिसिपल शाळेत खेळाची खोली, आणि पोरापुढं जमिनीवर बसणारं शिकलेलं माणूस. फुकट. आणि त्या खोलीतल्या बाईंनाही विनंती, की फक्त पोराला दुरुस्त करून सोडू नका. दुखणं गटारात आहे. तेही जगाला सांगा.

परवा भाच्यानं तो खड्डा बुजवला. चिंधीचा माणूस बाहेर, कडेला बसवलेला. मी विचारलं, ‘आज उतरवायचा नाही का रे?’

‘नाही मामा. कुणालाच नाही.’

सात वर्षांच्या पोराला कळलं. साल्यांनो, तुम्हाला कधी कळणार?