ग्रंथ आणि फर्मान

अकबर बादशहा आणि आचार्य हीरविजयसूरी यांच्या भेटीची कथा पर्युषणात हमखास सांगितली जाते. मात्र तिच्यातील ग्रंथांचा प्रसंग बहुधा दोन वाक्यांत आटोपतो.

निमंत्रण आले तेव्हा सूरीजी गुजरातेत, गंधार बंदरी होते. अहमदाबादच्या सुभेदाराने वाटेसाठी हत्ती, घोडे, द्रव्य देऊ केले. साधूस वाहन आणि धन दोन्ही वर्ज्य; सूरीजी पायी विहार करीत १५८३ च्या उन्हाळ्यात फत्तेपूर सीक्रीस पोहोचले. तेथे प्रथम अबुल फजलशी त्यांची चर्चा झाली, मग बादशहाशी.

राजवाड्यात त्या वेळी जैन पोथ्यांचा मोठा संग्रह होता. तो पद्मसुंदर या जैन विद्वान साधूंचा. त्यांच्या निधनानंतर अकबराने तो जपून ठेवला होता. परधर्मीयाच्या पोथ्या योग्य अधिकारी भेटेपर्यंत सांभाळणारा राजा विरळाच! तो संग्रह त्याने सूरीजींस अर्पण केला. त्यांनी आधी नाकारला. ग्रंथ झाले तरी परिग्रहच. फार आग्रह झाला तेव्हा स्वीकारला, पण जवळ न ठेवता आग्र्याच्या ज्ञानभांडारात ठेवविला.

स्वतःसाठी काहीच न घेणाऱ्या या साधूने मागितले ते इतरांसाठी: बंदिवानांची सुटका, पिंजऱ्यातील पक्ष्यांना मोकळे आकाश, पर्युषणाच्या आठ दिवसांत जीवहत्येस बंदी. अकबराने त्यात आपल्याकडून चार दिवसांची भर घातली आणि बारा दिवसांचे फर्मान निघाले. पुढे ‘जगद्गुरू’ ही पदवी दिली. ‘आईन-इ-अकबरी’त सूरीजींचे नाव विद्वानांच्या पहिल्या वर्गात आहे.

बादशहा जैनच झाला होता, असे काही जण उत्साहाच्या भरात सांगतात. ते खरे नव्हे. तो मौलवी, ब्राह्मण, पारशी, जेझुइट पाद्री अशा सर्वांचेच ऐकत असे. जैन न होताही त्याने आपल्या मागणीचा मान राखला, हे मला अधिक मोलाचे वाटते.

परंतु फर्मान हे राजाच्या मर्जीवर चालते. जहांगीर गादीवर आल्यावर संघाला नवे फर्मान मिळवावे लागले. १६१० मध्ये आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना सचित्र विज्ञप्तिपत्र पाठविले. त्यात जहांगीरच्या दरबारी उभे असलेले जैन साधू दिसतात. चित्रकार उस्ताद शालिवाहन हा बादशाही चाकरीतला होता, आणि दरबारात जसे पाहिले तसेच चितारले, अशी नोंद त्या पत्रावरच आहे.